लाल शाईतली मंजुरी

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी स्वयंपाकघराच्या दुसऱ्या खणात तपासनीसांना तो कागद सापडला, तेव्हा ते खरे तर मोजपट्टी शोधत होते. मोजपट्टीची जागा पहिल्या खणात, डाव्या कोपऱ्यात, हे बारा वर्षांपूर्वीच ठरलेले होते. ती तिथे नव्हती, याचा अर्थ घरातल्या दुसऱ्या माणसाने ती वापरून भलतीकडे ठेवली होती. आणि घरात दुसरे माणूस एकच होते.

"अगं, मोजपट्टी कुठाय?"

"तुमच्या खिशात," पत्नी बाहेरच्या खोलीतून म्हणाली.

खिशातच होती. परंतु तोवर कागद हातात आला होता, आणि हातात आलेला कागद न वाचता खाली ठेवणे तपासनीसांना कधी जमले नव्हते. पंपांच्या कारखान्यात बेचाळीस वर्षे त्यांनी तपासणी विभाग सांभाळला होता. त्यांच्या सहीशिवाय एक वॉशरही दरवाजाबाहेर जात नसे. इमारतीतले लोक पाठीमागे त्यांना 'मोजपट्टी' म्हणत. हे त्यांना ठाऊक होते, आणि मोजपट्टी हे विश्वासू उपकरण असल्यामुळे त्यांची त्याला हरकत नव्हती.

कागद वहीतून फाडलेला, रेघांचा. डावीकडे नीट समास सोडलेला. मजकुराला क्रमांक दिलेले. वाचण्याआधीच तपासनीसांचे त्या कागदाबद्दल चांगले मत झाले. अक्षर पत्नीचे होते. वाक्ये मात्र इंग्रजीत होती, आणि सगळीच्या सगळी भविष्यकाळी.

भविष्यकाळाचा तपासनीसांइतका अनुभव त्या इमारतीत दुसऱ्या कोणालाही नव्हता. माल पुरवणाऱ्यांची हजारो इंग्रजी पत्रे त्यांच्या नजरेखालून गेली होती, आणि प्रत्येक पत्र उद्याबद्दलच असे. त्यावरून त्यांनी एक तक्ता बसवला होता. 'शॅल' लिहिले असेल तर माणूस बांधला गेला. माल आला नाही तर दंड. 'विल' असेल तर इरादा पक्का, तरी आदल्या दिवशी फोन करावा. 'मे' असेल तर निम्मा भरवसा. आपला माणूस पाठवून तिथे बसवावा. 'माइट' म्हणजे आभाळाकडे बघून केलेला अंदाज. पडला तर पडला. सहा वर्षांपूर्वी पत्नीने इंग्रजी शिकण्याची इच्छा बोलून दाखवली, तेव्हा त्यांनी हाच तक्ता टक्केवारीसह पुढे ठेवून शिकवणी सुरू केली होती. तिसऱ्या दिवशी तिने विचारले होते, "'उद्या मी भाजी आणीन' हे किती टक्के?" त्यावर ते म्हणाले होते, "कोण आणणार आहे, त्यावर आहे." तिने वही मिटली होती. 'विद्यार्थिनीचा उत्साह अपुरा' अशी नोंद करून त्यांनी तो विषय बंद केला होता.

आता त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका बाबीचा मनातल्या मनात मराठी तर्जुमा केला. तो असा होता:

१. मी हे घर सोडून समुद्राकाठी राहायला जाईन. येथे शब्द होता 'शॅल'.

२. मी जुने कपाट विकेन. 'विल'.

३. मी कदाचित लाल स्कूटर घेईन. 'मे'.

४. माझ्या नवऱ्याला स्वतःचा स्वयंपाक स्वतः करावा लागेल. 'विल हॅव टू'.

५. माझा नवरा कदाचित रडेल. 'माइट'.

६. मी त्याला काहीही सांगणार नाही. 'विल नॉट'.

यानंतर त्यांचे लक्ष लाल शाईकडे गेले. पहिल्या बाबीशेजारी दुसऱ्याच कोणाच्या तरी गोल, ठाम अक्षरात मराठीत लिहिले होते: 'छान! पण केव्हा? वेळ घाला.' आणि खाली पत्नीने निळ्या शाईत वेळ घातली होती: सोमवारी, दुपारी तीन वाजता. पाचव्या बाबीशेजारी लाल शाईने विचारले होते: 'माइट? की विल? विचार करा.' तळाशी शेरा होता, 'उत्तम. असेच चालू ठेवा', आणि त्याखाली माशाच्या गळासारखी एक वळणदार सही.

शाळेशी ज्याचा अलीकडे काही संबंध आला आहे, अशा माणसाला या कागदाबद्दल कदाचित वेगळे काही सुचले असते. तपासनीसांचा संबंध कारखान्याशी होता. तिथे लाल शाई वापरण्याचा अधिकार फक्त एका माणसाला असे, आणि क्रमांक घातलेल्या कागदावर लाल शाईत शेरा आणि सही पडली, की तो कागद राहत नसे. ती मंजूर योजना होई. योजना मंजूर करणारा हा वरिष्ठ कोण, हे त्यांना समजेना. मंगळवारी आणि गुरुवारी चार वाजता पत्नी 'जरा पाय मोकळे करून येते' म्हणून बाहेर पडते आणि दीड तासाने परत येते, तेव्हा चपलांना धूळ नसते, हे मात्र त्यांना आठवले. त्यांनी ते टिपून ठेवले होते. त्याचा अर्थ लावायचा राहून गेला होता.

समुद्राचा विषय घरात पूर्वी कधी निघाला होता काय, तेही त्यांना नीट आठवेना. निघाला असावा. पण त्याची नोंद नव्हती.

सरळ विचारावे, असे कोणालाही वाटले असते. परंतु विचारल्यावर माणूस फक्त उत्तर देतो, आणि उत्तर म्हणजे पुरावा नव्हे. शिवाय सहाव्या बाबीत उत्तर न देण्याचेच ठरलेले होते. कागद होता तसा घडी घालून ठेवून ते बाहेर आले. सदतीस वर्षांचा संसार, आणि मुदत सहा दिवस.

"कपाट फार जुनं झालं, नाही?" त्यांनी सहज विचारल्यासारखे विचारले.

"विकून टाका ते," पत्नी खिडकी पुसता पुसता म्हणाली. "दार उघडलं की निम्म्या जिन्याला ऐकू जातं."

बाब दोनची खातरजमा झाली. ते खिडकीपाशी गेले. खाली औषधवाल्याच्या दुकानासमोर त्याची स्कूटर उभी होती.

"स्कूटर बरी दिसते."

"लाल रंगच मस्त आहे," ती म्हणाली, आणि जरा जास्तच वेळ खाली बघत राहिली.

तिसरी बाबही जुळली. आता अवघड तपासणी उरली होती. तपासनीसांनी घसा साफ केला. "मी रडेन, असं तुला कधी वाटतं का गं?"

पत्नीने फडके खाली ठेवले आणि त्यांच्याकडे एकदा नीट बघून घेतले. "का? रडायचंय?"

"नाही, नाही. माहिती म्हणून."

"तब्येत बरी आहे ना?"

औषधवाल्याच्या खिशाला तीन पेने असत आणि त्यांतले एक लाल होते. लाल पेन आणि लाल स्कूटर एकाच माणसाकडे असणे तपासनीसांना योगायोग वाटेना. दुपारी ते खाली उतरले.

"बोला काका, काय देऊ?"

"औषध नको. तुझं अक्षर हवंय. लाल पेनाने लिही: उत्तम, असेच चालू ठेवा."

"कोणाला?"

"तू लिही तर."

औषधवाल्याने लिहिले. तपासनीसांनी कागद उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. वीस वर्षे डॉक्टरांच्या चिठ्ठ्या वाचून त्या माणसाचे स्वतःचे अक्षरही त्याच वाटेने गेले होते. त्या ओळीत 'उत्तम' कुठे संपते आणि 'चालू' कुठे सुरू होते, हे लिहिणाऱ्यालाही सांगता आले नाही. योजनेवरचे अक्षर लागत होते. म्हणजे हा माणूस निर्दोष होता. तपासनीसांना इतके हायसे वाटले, की त्यांनी मनातला प्रश्न त्यालाच विचारला.

"या वयात माणूस एकटा राहिला, तर प्रकृतीला झेपतं का रे?"

"कोण राहतंय एकटं?" औषधवाल्याचे डोळे मोठे झाले.

"अजून कोणी नाही. सोमवारी तीन वाजल्यापासून. वरून मंजुरी आलीये," असे म्हणून तपासनीस जिना चढू लागले.

त्या रात्रीपर्यंत त्यांच्या मनात एक विचार पक्का झाला. कोणताही माणूस उगाच घर सोडत नाही. आधी तक्रारी असतात. ही यादी म्हणजे योजना होती हे खरे, पण उलट बाजूने वाचली तर ती तक्रारींचीच यादी होती. आणि तक्रारींवर काय करायचे, हे तर त्यांचे आयुष्यभराचे काम. बुधवारी सकाळी त्यांनी कोऱ्या कागदावर पाच रकाने आखले: तक्रार, कारण, उपाय, मुदत, जबाबदार व्यक्ती. शेवटच्या रकान्यात त्यांनी प्रत्येक ओळीला 'मी' लिहिले, आणि 'मी' हा शब्द त्या रकान्यात आपण पहिल्यांदाच लिहीत आहोत हे लक्षात येऊन ते क्षणभर थांबले. सोमवारी तीनच्या आत सर्व बाबी निकाली निघाल्या, तर जाण्याचे कारणच उरणार नव्हते.

स्वयंपाकापासून सुरुवात झाली.

"आज भाजी मी करतो," ते म्हणाले.

"ताप मोजलात?"

"गंमत नको. मंद आच म्हणजे नेमकी किती? या बटणावर खुणाच नाहीत."

"अंदाजाने कळतं."

"अंदाज," तपासनीस म्हणाले, आणि पांढरा रंग व बारीक कुंचला घेऊन आले. शेगडीच्या दोन्ही बटणांवर त्यांनी एक, दोन, तीन अशा खुणा रंगवल्या. डावी शेगडी जोरकस आणि उजवी अशक्त, म्हणून दोन्हींच्या खुणा वेगळ्या जागी होत्या. गुरुवारपर्यंत भाजी खाण्याजोगी होऊ लागली. जेवताना पत्नी मधूनच त्यांच्याकडे अशी पाहत होती, की जणू घरात नवे यंत्र आले आहे आणि त्याच्याबरोबर माहितीपुस्तिका मिळालेली नाही.

शुक्रवारी लेकीचा फोन आला. ती दोन तासांच्या अंतरावरच्या गावी राहत असे.

"बाबा, तुम्ही घर सोडताय म्हणे?"

"मी? मी कशाला सोडू?"

"औषधवाला सांगत होता. सोमवारी तीन वाजता. आणि वरून बोलावणं आलंय, असं काहीतरी भयंकर बोललात म्हणे."

"बोलावणं नव्हे, मंजुरी. आणि हे सगळं आईपुढे बोलू नकोस."

"आईला माहीत नाही?"

"तिलाच तर माहीत आहे," तपासनीस दबक्या आवाजात म्हणाले.

लेक म्हणाली, "मी सोमवारी येतेय."

सोमवारी दुपारी दोन वाजता जुने सामान विकत घेणारा सामानवाला आपल्या मेहुण्याला घेऊन आला. पत्नी आतल्या खोलीत दार लावून आवरत होती. कपडे बदलणे, पर्स भरणे, सगळे योजनेबरहुकूम चालले असावे, असे बाहेर ऐकू येणाऱ्या आवाजांवरून वाटत होते. तपासनीसांनी शेगडीवर भाजी चढवली, बटण एकच्या खुणेवर आणले आणि ते बाहेर आले.

"साहेब, दारातून निघेल ना हे धूड?" सामानवाल्याने विचारले. "माप घेतलंय का?"

बेचाळीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी कपाटाच्या पाठीकडे बोट दाखवले. प्लायवुडच्या पाठीवर त्यांच्याच अक्षरात लिहिले होते: 'रुंदी ८८. दार ९०. तपासले.' खाली सही.

तपासलेले पुन्हा तपासणे म्हणजे तपासनिसाचा अपमान, हा त्यांचा नियम. त्या नोंदीनंतर, चार वर्षांपूर्वी, दाराला बाहेरून आणखी एक लोखंडी जाळीचे दार बसले होते आणि त्याची चौकट शहाऐंशी होती. तेही काम त्यांनीच तपासून घेतले होते. पण ती नोंद जाळीच्या दाराच्या कागदांत होती, कपाटाच्या पाठीवर नव्हती.

सामानवाला जिन्यातून ओढत होता, मेहुणा घरातून ढकलत होता. कपाट पाठ पुढे करून आतल्या चौकटीतून दिमाखात बाहेर पडले आणि बाहेरच्या चौकटीत जाऊन घट्ट बसले. पुढे सरकेना. मागे ओढले, तर तिरपे करताना माथ्यावरची लाकडी नक्षी आतल्या चौकटीखालून पलीकडे गेलेली; आता कपाट सरळ झाल्यावर ती अडली. मेहुण्याने खांदा लावला, सामानवाल्याने पाय लावला. कपाट चौकटीचाच भाग असल्यासारखे उभे राहिले.

नेमक्या त्या वेळी आतल्या खोलीचे दार उघडले. पत्नी ठेवणीतले कपडे घालून, हातात पर्स आणि एक पाकीट घेऊन बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली. घड्याळात दोन वीस झाले होते.

"हे काय?"

"कपाट," तपासनीस म्हणाले.

"दिसतंय. दारात काय करतंय?"

"विकतोय. तुझी दोन नंबरची बाब."

"कसली बाब? अहो, मला तीनला पोचायचंय!"

"मला माहीत आहे," तपासनीस म्हणाले. "समुद्राकाठी."

पत्नी त्यांच्याकडे पाहत राहिली. हळूहळू तिच्या चेहऱ्यावर उजेड पडला, आणि पाठोपाठ राग आला.

"तुम्ही माझा खण तपासलात?"

"मोजपट्टी शोधत होतो."

"ती खिशात होती! अहो, तो गृहपाठ आहे माझा! आणि आज तीनला माझी तोंडी परीक्षा आहे!"

"गृहपाठ?" तपासनीसांनी खुर्चीची पाठ धरली. "आणि मंजुरी? लाल शाई? ती सही कोणाची?"

"आमच्या इंग्रजीच्या बाईंची! आणि ती सही नाही, बरोबरची खूण आहे! डावखुऱ्या आहेत त्या, म्हणून उलटी पडते. दोन महिने वाचनालयाच्या माडीवर वर्गाला जातेय मी."

"वहिनी, कितवीला आहात?" मेहुण्याने कपाटाला टेकून आस्थेने विचारले.

"पण मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवलं असतंत!"

भांडण तिथेच थांबले, कारण तिचा आवाज एकदम बारीक झाला. "शेवटची परीक्षा आहे हो. आज चुकली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या वर्गात सगळ्यांत मोठी मीच आहे. मुलं हसतील."

पंपांच्या कारखान्यात एकदा मुख्य झडप अडकली होती, तेव्हा तपासनीस जसे शांत झाले होते, तसे ते आता झाले. त्यांनी कपाटाची दारे घराच्या बाजूने उघडली. निम्म्या जिन्याला ऐकू गेले. आत वाकून त्यांनी फळी उचकटली, कपडे टांगायची नळी काढली आणि पाठीवर बोटांनी टकटक केले.

"पाठीला चोवीस स्क्रू आहेत. आठ वर, आठ खाली, चार-चार बाजूंना. मीच बसवलेत." त्यांनी वरच्या फटीतून स्क्रू-ड्रायव्हर पलीकडे सरकवला. "सामानवाले, डावीकडे फिरवा. एका स्क्रूला पंचवीस सेकंद धरले, तर दहा मिनिटं. दोन बत्तीसला—"

"गणित नको," पत्नी म्हणाली. "स्क्रू काढा."

त्याच वेळी जिन्यात पावले वाजली. लेक आणि तिच्यामागे औषधवाला, दोघेही धापा टाकत वर आले, आणि एक अनोळखी माणूस आपल्या घराच्या दारात कपाटाची पाठ सोलतो आहे असे लेकीला दिसले.

"बाबा!" ती ओरडली. "आत कोण आहे?"

"आम्ही सगळे," कपाटातून तपासनीसांचा आवाज आला. "वाटेतून बाजूला हो. आई येतेय."

चोविसावा स्क्रू निघाला, प्लायवुड बाजूला झाले, आणि नॅफ्थलिनच्या गोळ्यांच्या वासासकट आई कपाटातून बाहेर आली. एका हातात पर्स, दुसऱ्या हातात प्रवेशपत्राचे पाकीट. तिने केस सारखे केले. दोन वाजून चौतीस मिनिटे झाली होती. दोन मिनिटांचा उशीर एका गंजलेल्या स्क्रूमुळे झाला, हे तपासनीसांनी नंतर स्पष्ट केले.

"रोजची बस तर गेली. चालत गेले तर अर्धा तास," ती म्हणाली. "स्कूटरची किल्ली कोणाकडे आहे?"

औषधवाल्याने एक शब्दही न विचारता किल्ली पुढे केली. मायलेकी धडधडत जिना उतरल्या.

तपासनीस कपाटात उभे राहून त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत होते, तेव्हा त्यांच्या मागून काळा धूर आला. पत्नीने रविवारी शेगडीची बटणे घासूनपुसून परत लावली होती: डाव्याचे उजवीकडे आणि उजव्याचे डावीकडे. अशक्त शेगडीची एकची खूण जोरकस शेगडीवर बसली होती आणि भाजीचा कोळसा झाला होता. ते आत धावले, गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या आणि डोळे पुशीत पुन्हा कपाटाशी आले.

"काका," पलीकडून औषधवाला हळुवारपणे म्हणाला, "रडताय?"

"धूर आहे."

"असू दे. मोकळं वाटतं."

"धूर आहे म्हटलं ना!" तपासनीस म्हणाले. पण धूर निवळल्यावरही त्यांना बराच वेळ रुमाल लागला, आणि पाचव्या बाबीशेजारचा लाल प्रश्न त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. 'माइट? की विल? विचार करा.'

सव्वापाचला पत्नी आली, कपाटातून वाकून घरात शिरली आणि खुर्चीवर बसली. लेक खाली स्कूटर परत करून येत होती.

"झाली?"

"झाली. बाईंनी विचारलं, उद्या तुम्ही काय करणार? मी म्हटलं, उद्या मी माझ्या घरातून दाराने बाहेर पडेन. कारण विचारलं, तेही सांगितलं. बाई इतक्या हसल्या, की त्यांना पाणी द्यावं लागलं. पास केलं." तिने त्यांच्याकडे पाहिले. "तुमचा तक्ता पण दाखवला त्यांना. टक्क्यांचा."

"मग?"

"म्हणाल्या, कारखान्यासाठी अगदी बरोबर आहे. पण घरात या शब्दांवरून उद्या काय होणार ते कळत नाही. बोलणाऱ्याच्या मनात आज काय आहे, तेवढंच कळतं."

तपासनीसांनी यावर विचार केला. ज्या गोष्टीसाठी ते आठवडाभर पुरावा गोळा करत होते, ती एवढीच होती. "म्हणजे ती सहाही वाक्यं खोटी?"

"खरं सुचत नसेल तर खोटं लिहा, असं बाईंनी सांगितलेलं. पण वाक्यात जीव हवा. वेळ घाला म्हणाल्या, तर डोक्यात परीक्षेचीच वेळ होती, ती घातली."

"सगळी खोटी, असंच ना?"

"पहिल्यातलं अर्धं सोडून."

"कुठलं अर्धं?"

"घर सोडायचं नव्हतं मला," ती म्हणाली, आणि पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

घर वजा केल्यावर वाक्यात समुद्र तेवढा उरत होता. आता त्यांना आठवले. विषय निघाला होता. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी निघाला होता, लेक शाळेत गेली तेव्हा, ते निवृत्त झाले तेव्हा, आणि मागच्या हिवाळ्यातही.

"मग 'मी' कशाला लिहिलंस? 'आम्ही' लिहायचंस."

"लिहिणार होते. पण 'आम्ही' म्हटलं की त्याच्यापुढे तुमचं 'बघू' घालावं लागतं. बाईंना विचारलं, 'बघू'ला इंग्रजीत काय म्हणायचं? 'शॅल', 'विल', 'मे', 'माइट', सगळं लावून बघितलं आम्ही. एकातही बसेना."

तपासनीसांनी काही बोलण्यासाठी तोंड उघडले. जो शब्द बाहेर पडणार होता तो त्यांना वेळेवर ऐकू आला, आणि त्यांनी तोंड मिटले.

पत्नीने पर्समधून एक कोरा, रेघांचा कागद काढून त्यांच्यापुढे ठेवला. "बाईंनी तुमच्यासाठी पाठवलाय. म्हणाल्या, दुसऱ्यांचं भविष्य इतकी वर्षं तपासलं, आता एकदा स्वतःचं लिहा. सहा वाक्यं. वाटलं तर खोटी."

तपासनीस टेबलाशी बसले. समास आखला. एक ते सहा आकडे घातले. इथपर्यंत काम झपाट्याने झाले. मग पेन थांबले. इतरांच्या उद्याबद्दलची हजारो वाक्ये त्यांनी पास आणि नापास केली होती. स्वतःच्या उद्याबद्दल एकही लिहिल्याचे त्यांना स्मरत नव्हते. लेक येऊन चहा करून गेली. कपाट सोडवायला बोलावलेल्या सुताराचा निरोप आला, 'गुरुवारी येतो'. त्यातल्या 'येतो'चे मोल किती, यावर त्यांनी एरवी भाष्य केले असते, पण आज मान वर केली नाही. तासाभराने पहिल्या आकड्यापुढे चार-पाच शब्दांचे एक इंग्रजी वाक्य उमटले होते. बाकीचे पाच आकडे रिकामेच होते.

त्यांनी कागद पत्नीपुढे सरकवला. आपण समुद्रावर जाऊ, असे त्यात होते. शब्द घातला होता 'मे'.

पत्नीने चष्मा लावला. पर्समधून तिने एक नवेकोरे लाल पेन काढले, टोपण काढून मागे लावले आणि वाक्याशेजारी सावकाश लिहिले: 'मे? की विल? विचार करा. वेळ घाला.'

आपल्या कामावर लाल शाईत शेरा पडलेला तपासनीस आयुष्यात पहिल्यांदा वाचत होते. त्यांनी तो दोनदा वाचला. मग 'मे'वर सरळ रेघ मारून वर 'शॅल' लिहिले, उठून भिंतीवरचे कॅलेंडर काढून आणले, बोटाने दोन आठवडे मोजले आणि वार, तारीख, गाडीची वेळ असे सगळे घातले. सवयीने त्यांचे पेन कागदाच्या तळाशी सहीसाठी वळले.

"हं, ते माझं काम," असे म्हणून पत्नीने कागद ओढून घेतला आणि तळाशी माशाच्या गळासारखी एक खूण केली. ती उजव्या हाताने लिहीत असे. तरीही तिने ती मुद्दाम उलटीच काढली.